काच जपून ठेवली आहे

महाराष्ट्रातल्या जुन्या फोटो स्टुडिओंच्या मालकांना, आणि त्यांच्या मुला-नातवंडांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहिताना समोर टेबलावर एक कार्ड ठेवलं आहे. रुंदीला पत्त्याच्या पानाएवढं, उंचीला त्याहून अर्धा इंच जास्त, जाड पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं. पुढच्या बाजूला तपकिरी पडलेला फोटो. खुर्चीत एक बाई बसली आहे. नऊवारी लुगडं, नाकात नथ, डावा हात गोल टेबलावर, टेबलावर एक मिटलेलं पुस्तक. शेजारी सात-आठ वर्षांचा मुलगा उभा आहे, डोक्याला जरीची टोपी. मुलाच्या पायांत बूट आहेत, बाई अनवाणी आहे. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर एका दुकानदाराच्या बुटांच्या खोक्यात हे कार्ड मला मिळालं, त्याला आता वीस वर्षं होत आली.

मागच्या बाजूला वेलबुट्टीत छापलेलं स्टुडिओचं नाव आहे आणि तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ. तिचा अर्थ असा की काच जपून ठेवली आहे, नक्कल केव्हाही मिळेल. काच म्हणजे फोटोची काचेवरची निगेटिव्ह, जिच्यावरून कागदावर प्रती काढत. ओळीखाली पेन्सिलीने एक आकडा लिहिला आहे : ४१७.

ही ओळ त्या काळी लंडनपासून मुंबईपर्यंत कितीतरी स्टुडिओ आपल्या कार्डांवर छापत असत. धंद्याच्या दृष्टीने ती सोयीची होती, कारण गिऱ्हाईक परत येऊन आणखी प्रती मागे आणि काच जवळ असली की पुन्हा बसवून फोटो काढायची गरज नसे. पण मी ती ओळ शब्द दिल्यासारखी वाचते. तुमच्या आजोबांनी, पणजोबांनी अनोळखी माणसांना दिलेला तो शब्द आहे, आणि आज तो पाळणं किंवा मोडणं तुमच्या हातात आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी एका जुन्या स्टुडिओचा वाडा पाडणार असल्याचं कानावर आलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने गेले. पोचले तेव्हा अंगणात पत्र्याचं पिंप होतं, त्यात धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी. काचा त्यात भिजवून, सुरीने खरवडून, धुऊन उन्हात भिंतीला लावून ठेवल्या होत्या. नितळ, स्वच्छ, आरपार दिसणाऱ्या. नळाखालच्या मोरीत राखाडी सायीसारखे पापुद्रे साचले होते. स्टुडिओच्या मालकाच्या नातवाने मला चहा दिला आणि अगदी मोकळेपणाने सांगितलं की जुनी काच आहे, सरळ आहे, तसबिरींना छान बसते, फ्रेमवाल्याने सगळी उचलायचं कबूल केलं आहे. किती काचा होत्या ते कुणी मोजलं नव्हतं. आदल्या दिवशी एक टेम्पो भरून गेला होता. नोंदवह्या? त्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेल्या होत्या.

मला त्या मुलाचा राग आला नाही. मोरीतले ते पापुद्रे म्हणजे त्या गावाची तीन पिढ्यांची तोंडं होती, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी मोरीपाशी बराच वेळ बसून होते. परतीच्या एस.टी.त ठरवलं की जे त्याला कुणी सांगितलं नाही ते निदान तुम्हाला तरी लिहून कळवायचं.

काचेची एवढी किंमत का, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

फोटोग्राफीची जाहीर सुरुवात १८३९ ची. ७ जानेवारीला पॅरिसच्या विज्ञान अकादमीत शास्त्रज्ञ आरागो यांनी चित्रकार दागेरच्या शोधाची घोषणा केली आणि १९ ऑगस्टला त्याची कृती सगळ्यांना खुली झाली. दागेरचा फोटो चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटत असे. आरशासारखा लखलखीत, केसाएवढा तपशील दाखवणारा, पण एकुलता एक. त्याची प्रत निघत नसे. इंग्लंडात टॅल्बट यांनी कागदावर निगेटिव्ह घेऊन तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढायची रीत बसवली आणि १८४१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. कागदाचे धागे मात्र प्रतीत उतरत आणि चेहरे जरा धुरकट येत. मग १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काच वापरली. काचेवर कोलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घ्यायचा. कागदाची प्रत आणि पत्र्याचा रेखीवपणा, दोन्ही त्यातून एकदम साधलं. आर्चर यांनी या कृतीचं पेटंट घेतलं नाही. म्हणून ती इतक्या झपाट्याने जगभर पसरली. ते स्वतः १८५७ मध्ये हलाखीत वारले. आज तुमच्या माळ्यावर काचांची जी खोकी आहेत त्यांच्या मुळाशी हा एक माणूस आहे, म्हणून त्यांचं नाव इथे घेतलं.

ओल्या काचेचं काम किती अवघड असेल याचा विचार करा. कोलोडियन वाळलं की काच वाया. दहा-पंधरा मिनिटांत थर चढवणं, फोटो घेणं, धुणं सगळं उरकायचं, तेही दख्खनच्या उन्हाळ्यात, काळ्या तंबूत, कोलोडियनमधल्या इथरच्या वासात. मुक्कामी जाणारा फोटोग्राफर बाटल्या, काचा, तंबू आणि पाणी असा संसार घेऊनच निघे. मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला रंगवण्यासाठी आले होते. पुढे त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि १८६४ मध्ये त्यांच्या फोटोंची पुस्तकं लंडनमध्ये निघाली. दोनच वर्षांनी, डिसेंबर १८६६ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि गिल यांनी वर्षानुवर्षं खपून रंगवलेल्या मोठ्या नकला बहुतेक जळून गेल्या. फोटोंच्या प्रती ठिकठिकाणी पोचल्या होत्या, त्या राहिल्या.

आपल्या मुंबईने या नव्या विद्येला फार लवकर हात घातला. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. कलकत्ता आणि मद्रासच्या सोसायट्या १८५६ च्या. मुंबईच्या सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तर स्वतः कॅमेरा चालवणारे. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे फोटो लागले. गावोगाव स्टुडिओ निघायला मात्र आणखी पंधरा-वीस वर्षं जावी लागली. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी कोलोडियनऐवजी जिलेटिन वापरून पाहिलं. इथरच्या वाफांनी त्यांची प्रकृती बिघडली होती, म्हणून ते दुसरा मार्ग शोधत होते. त्यातूनच पुढे कोरडी काच आली, डझनाच्या खोक्यांतून विकत मिळू लागली, महिनोन्‌महिने टिकू लागली. आता तालुक्याच्या गावचा हौशी माणूसही उत्तरेकडे काचेचं छप्पर काढून, एक पडदा आणि एक खुर्ची ठेवून स्टुडिओ चालवू शकत होता. तुमच्यापैकी बहुतेकांची घराणी इथून सुरू होतात.

आपल्या सिनेमाची मुळंही अशाच स्टुडिओंत आहेत. १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचं चित्रीकरण करणारे सावेदादा भाटवडेकर मुळात फोटोवाले. दादासाहेब फाळके यांनीही सिनेमाच्या आधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला होता.

आता मला जे मुळात सांगायचं आहे त्याकडे येते.

त्या सुरुवातीच्या काळात मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचे फोटोग्राफर होते. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांच्या फोटोंचे त्यांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये निघाले. पुस्तक देखणं आहे. माणसांचे फोटो एकीकडे घेतलेले, पाठीमागचे देखावे दुसरीकडचे, आणि दोन्ही सफाईने जोडलेले. पण फोटोखाली नाव शोधायला जावं तर जात सापडते. नागर ब्राह्मण, भाटिया, असं. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने हिंदुस्थानातल्या लोकांचे आठ खंड काढले. त्यांतही माणूस म्हणजे जातीचा, जमातीचा नमुना, जसा संग्रहालयातला पक्षी. ते सगळे डोळे कॅमेऱ्यात बघत आहेत आणि त्यांतल्या फार थोड्यांना नाव आहे.

याच्या शेजारी तुमच्या आजोबांची नोंदवही ठेवा. अनुक्रम नंबर, तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, गाव, काचेचा आकार फुल प्लेट की हाफ प्लेट, प्रती किती, बयाणा किती आला, बाकी किती. एखाद्या रकान्यात “कपाळाचा व्रण काढणे” किंवा “कै. वडिलांचा मोठा करणे”. ज्याला कुणी नमुना म्हणून समोर बसवलं नव्हतं, जो आपल्या पैशाने, आपल्या मर्जीने, आपल्या आवडीचं उपरणं घालून, फोटो काढला की आयुष्य कमी होतं ही घरातल्यांची भीती बाजूला सारून तुमच्या जिन्याच्या पायऱ्या चढला, त्याचं नाव त्या वहीत आहे. सामान्य मराठी माणूस त्याच्या चेहऱ्यासकट आणि नावासकट एका ठिकाणी सापडावा अशा जागा किती आहेत? जमिनीच्या कागदांत नाव सापडतं, चेहरा नाही. बाजारातल्या कार्डावर चेहरा सापडतो, नाव नाही. काच आणि वही एका छपराखाली असेल तरच दोन्ही हाती लागतात. स्त्रियांच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. त्यांचं नाव जमिनीच्या कागदांतही क्वचित येई.

नाव असल्या-नसल्याने काय होतं याचं एक उदाहरण सर्वांच्या ओळखीचं आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीन विद्यार्थिनींचा एकत्र फोटो काढला गेला. एक लुगड्यात, एक जपानी किमोनोत, एक सिरियाच्या पोशाखात. त्या फोटोखाली तिघींची नावं आणि गावं लिहिली गेली, म्हणून आज आपण म्हणतो की या आनंदीबाई जोशी, या केई ओकामी, या इस्लामबुली. दीड वर्षाच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला, आनंदीबाई पुण्यात वारल्या. खालची ती ओळ नसती तर हाच फोटो कुणातरी विक्रेत्याच्या खोक्यात “परदेशी पोशाखातल्या तीन स्त्रिया” म्हणून पडला असता. माझ्या टेबलावरची नथ घातलेली बाई त्याच अवस्थेत आहे. तीही कदाचित कुठल्या शाळेची पहिली शिक्षिका असेल. कदाचित कुणीच नसेल, नुसती एका मुलाची आई असेल. तेवढंही मला पुरेसं आहे, पण तिचं नाव हवं.

आम्हा संग्राहकांचाही यात दोष आहे. तो न सांगता तुम्हाला उपदेश करणं बरं दिसणार नाही. जुने फोटो गोळा करणारे आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी जातो, मटण स्ट्रीटवर शुक्रवारी. आम्हाला आवडतं ते आम्ही एकेक निवडून उचलतो. पगडीवाला, तलवारवाला, संस्थानिक, नाटकातलं स्त्री-पार्टी पात्र, सायकलवरची बाई. विक्रेत्याला आमची निवड पाठ झाली आहे. मग तो स्टुडिओतून एकगठ्ठा उचललेल्या मालातून तेवढं काढून घेतो आणि बाकीचं फेकतो. घरगुती आल्बमची पानं फाडून फोटो सुटे करतो, कारण सुट्यांना भाव जास्त. सुटं झालं की ओळख गेली, आणि ओळख गेली की कुणीही काहीही चिकटवायला मोकळा. पेशव्यांच्या दरबारातल्या सरदाराचा फोटो म्हणून दाखवलेली कार्डं मी स्वतः हातात घेतली आहेत. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि दागेरची कृती १८३९ मध्ये जाहीर झाली, एवढं लक्षात ठेवलं तरी माणूस फसत नाही. मीही पहिली काही वर्षं असेच सुटे फोटो घेत होते. एका आल्बममधले चार मी घेतले आणि उरलेले कुठे गेले ते विचारलं नाही. आज त्या चौघांकडे बघताना मला ते उरलेले आठवतात. म्हणून आता मी फोडलेलं काहीच घेत नाही, आणि माझ्यासारख्या इतरांनाही तेच सांगते.

तुम्ही विचाराल, यातून आम्हाला काय मिळणार? प्रामाणिक उत्तर असं आहे की पैसा फारसा नाही. अनोळखी कुटुंबांच्या काचांना बाजारात किंमत जवळजवळ नाही, आणि जो फार मोठी रक्कम सांगतो तो बहुधा वरची पाच-पंचवीस निवडून बाकीचं तुमच्याच दारात टाकून जाणारा असतो. चांदीसाठी निगेटिव्ह घेणारे असतात, काचेसाठी घेणारे असतात. ते वजनावर घेतात. तुमच्या घरात तीन पिढ्यांनी डोळे फोडून केलेलं काम किलोच्या भावाने जातं. काचेच्या मागे उजेड धरून बघा. गालांवर, कपाळावर पेन्सिलीच्या अतिशय बारीक रेघा दिसतील. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्या रेघांनी झाकली आहेत. तसं रिटचिंग करणारा हात आता तुमच्या गावात उरलेला नाही. तो हात कुणाचा होता ते तुम्हालाच ठाऊक असेल, वडिलांचा, काकांचा, की घरात बसून कुणाला न सांगता काम करणाऱ्या आईचा. तेही लिहून ठेवा. पडदा अजून असेल, तर त्यावरचे रंगवलेले जिने, खांब आणि तळी कुणी रंगवली ते कोपऱ्यात सही आहे का बघा. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत आणि त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. फोटोच्या पडद्यांवर ब्रश फिरवणाऱ्यांची नावं फक्त तुमच्या आठवणीत असतील.

जपणं म्हणजे फार खर्चाचं काम आहे असं वाटून कुणी थांबू नये. मी जे शिकले ते सांगते. काच धुऊ नका, पुसू नका, स्पिरिट तर लावूच नका. जुन्या कोलोडियनच्या थराला स्पिरिट लागलं तर तो विरघळून जातो. काच उचलताना दोन्ही हातांनी, फक्त कडांना धरा. एक बाजू चकचकीत असेल, दुसरी किंचित मंद. फोटो त्या मंद बाजूवर आहे, तिला बोट लागू देऊ नका. काचा एकावर एक आडव्या रचू नका, वरच्यांच्या वजनाने खालच्या तडकतात. लांब कडेवर उभ्या ठेवा, जसे आपण ताट-वाट्या मांडणीत ठेवतो तशा. तडकलेली काच मात्र आडवीच, खाली पुठ्ठा घालून. प्रत्येक काचेला साध्या पांढऱ्या, वास नसलेल्या कागदाचं पाकीट. वर्तमानपत्र नको, प्लास्टिकची पिशवीही नको. कडांना निळसर चांदीसारखी चमक आली असेल तर घाबरू नका, ती चांदीच वर आली आहे, तिला घासू नका. दोन काचा एकमेकींना चिकटल्या असतील तर ओढून सोडवू नका. तशाच ठेवा, जाणकाराला दाखवा. आणि काचेवर चिकटवलेली चिठ्ठी, खोक्यावरचं अक्षर, पाकिटावरचा आकडा, यांतलं काहीही फेकू नका. काचा विकणाऱ्या इलफर्ड कंपनीचं फाटकं खोकंसुद्धा साल ठरवायला मदत करतं.

आपल्याकडे खरा शत्रू पाऊस आहे. जिलेटिन म्हणजे बुरशीचं खाणं. कोकणात आणि घाटमाथ्यावर माळ्यावरची गळती एका मोसमात जेवढं नुकसान करते तेवढं पन्नास वर्षांचं ऊन करत नाही. खोकी जमिनीपासून हातभर वर, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. काचांबरोबर जुन्या फिल्मचे तुकडे असतील तर ते वेगळे काढा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली बरीच फिल्म नायट्रेटची असे आणि ती भसकन पेट घेते. चिकट, पिवळी, उग्र वासाची फिल्म घरात ठेवू नका, आणि जवळ दिवाबत्ती करू नका. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती दुसऱ्या प्रकारची फिल्म, तीही इतरांपासून दूर ठेवा.

आणि वही. एकच गोष्ट वाचवता आली तर वही वाचवा, असं मी म्हणेन. हे ऐकून काही संग्राहक माझ्यावर रागावतील. काच गेली तरी एखादी प्रत कुणाच्या तरी भिंतीवर, हार घातलेल्या चौकटीत असते. वही गेली की सगळ्याच प्रती मुक्या होतात. मोबाइलने पानापानाचा फोटो काढून ठेवायला दोन दुपारी लागतात. तुमच्या गावात ऐंशी-नव्वदीची जी माणसं आहेत त्यांना ते फोटो दाखवा. “ही तर अमक्यांची सून” असं सांगणारं माणूस यंदा आहे.

थोडं नाजूक बोलायचं आहे. तुमच्या काचांमध्ये लोकांच्या खासगी गोष्टी आहेत. लग्न ठरवण्यासाठी काढलेले आणि पुढे नकार आलेले फोटो, केशवपन केलेल्या विधवा, दारात खुर्चीत बसवून काढलेला शेवटचा फोटो, देवाघरी गेलेलं लेकरू. जपायचं म्हणजे सगळं उचलून इंटरनेटवर टाकायचं असं नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यातही, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोवरचा पहिला हक्क सहसा काढून घेणाऱ्याचा मानला जातो, आणि माणुसकीचा कायदाही तेच सांगतो. ज्या घरातला फोटो आहे त्या घराला आधी दाखवा. मी एकदा एका आजींना त्यांच्या आईचा तरुणपणचा फोटो काचेवरून काढून दिला. त्यांनी आईला फक्त पांढऱ्या लुगड्यातच पाहिलं होतं. त्या तो फोटो मांडीवर घेऊन बसल्या आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तुमच्या आजोबांनी कार्डाच्या मागे छापलेला शब्द त्या दिवशी कुणीतरी पाळला, असं मला वाटलं.

हे काम एकट्याने करायचं नाही. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेतल्या अभ्यासकांनी ब्रिटिश लायब्ररीच्या एका योजनेतून तमिळनाडूतल्या गावोगावच्या स्टुडिओंतले जुने फोटो आणि काचा स्कॅन करून ठेवल्या. एकोणिसाव्या शतकातले नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. त्या एकत्र राहिल्या, खरवडल्या गेल्या नाहीत, म्हणून आहेत. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२८ पासून चालू असलेल्या हॅमिल्टन स्टुडिओने आपल्या निगेटिव्ह नंबरवार सांभाळल्या आहेत. उलट कलकत्त्याच्या बोर्न अँड शेफर्ड या देशातल्या अतिशय जुन्या स्टुडिओत १९९१ मध्ये आग लागली आणि त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग गेला. २०१६ मध्ये तो स्टुडिओही बंद झाला. म्हणून नक्कल दुसऱ्या ठिकाणी असणं इतकं महत्त्वाचं आहे. तमिळनाडूत जे झालं ते सातारा, जळगाव, लातूर, रत्नागिरीत का होऊ नये? प्रत्येक जिल्ह्यात एक तरी महाविद्यालयाचा इतिहास विभाग आहे, नगर वाचनालय आहे, स्कॅनर चालवू शकणारी मुलं आहेत. फक्त तुमचा दरवाजा उघडा हवा, आणि काचा तुमच्याच घरात, तुमच्याच मालकीच्या राहून हे काम व्हावं अशी माझी इच्छा आहे. कुणी मदतीला येऊन काचा “अभ्यासासाठी” घेऊन जातो म्हणाला, तर लेखी पोच घ्या, नंबर टाकून यादी करा. मी आले तरी माझ्याकडूनही घ्या.

मी येईन, हे नक्की. माझं भाडं माझं, पाकिटांचा कागद माझा. मला एकही काच विकत नको. मला बसायला एक सतरंजी आणि खिडकीचा उजेड पुरतो. तुम्ही वही वाचाल, मी काच उजेडात धरेन, आणि आपण नंबर जुळवू. एका दुपारी साठ-सत्तर काचा होतात, अनुभवाने सांगते. त्यांतल्या दहा-बाराच्या तरी नावाशी गावात कुणीतरी नातं सांगणारं निघतं.

आणि तुमच्यापैकी कुणाच्या पणजोबांची खुर्ची अशी असेल, कोरीव पाठीची, डाव्या हाताला गोल टेबल, टेबलावर मिटलेलं पुस्तक, तर कृपा करून वहीत चारशे सतरा नंबर बघा. मुलाचं नाव असलं तरी चालेल.

मृगाला अजून अवकाश आहे. त्याआधी एकदा माळ्यावर चढून खोकी खाली घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
जुने फोटो जमवणारी एक वाचक